कार्ब्युरेटर दुरुस्तीला दिला, परत आला तो दुसराच

माझ्याकडे वडिलांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कोथरूडमधील घराच्या पार्किंगमध्ये सुटीच्या दिवशी मी स्वतःच तिचे तेल बदलतो, प्लग साफ करतो आणि सीबी पॉइंटमधील (ठिणगीसाठी विजेचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) अंतर फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, लावून ०.४५ मिलिमीटरच्या आसपास आणतो. तरीही गेल्या एप्रिलमध्ये तिच्यात जो दोष उद्भवला तो मला उलगडला नाही, आणि त्याच अडचणीचा एका कारागिराने फायदा घेतला.

गाडी सकाळी पहिल्या सेल्फला चालू होई. मात्र वीस-पंचवीस मिनिटांनी इंजिन पूर्ण तापले की मिसिंग सुरू होई, म्हणजे इंजिन अडखळू लागे, पिकअप जाई आणि सिंहगड रस्त्यावरील एखाद्या सिग्नलला ती बंद पडे. बॉनेट उघडून अर्धा तास थांबले की ती पुन्हा सुरळीत चाले. उन्हाळ्यात पेट्रोलच्या नळीत वाफ धरते हे ठाऊक असल्याने मी नळीवर ओले फडके गुंडाळून पाहिले, पण फरक पडला नाही.

एका परिचितांनी कार्ब्युरेटरचे (पेट्रोल आणि हवेचे मिश्रण करणारा भाग) जाणकार म्हणून ज्यांचे नाव सांगितले, ते गृहस्थ घरी आले. त्यांनी कार्ब्युरेटरचे झाकण उघडले, तळाचा काळा गाळ मला दाखवला आणि म्हणाले, "साहेब, जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं, झिजलेत. हे इथे होणार नाही, नाना पेठेत माझ्या माणसाकडे द्यावं लागेल." दोष इंजिन तापल्यावरच येतो हे मी दोनदा सांगूनही त्यांनी गाडी तापू दिली नाही, एकही प्लग काढला नाही की ठिणगी तपासली नाही. मी तिथेच त्यांना थांबवायला हवे होते. त्याऐवजी मी सोलेक्स या कंपनीचा मूळ कार्ब्युरेटर त्यांच्या हाती दिला आणि त्याची साधी पोचही घेतली नाही.

नऊ दिवसांनी ते चकचकीत पॉलिश केलेला कार्ब्युरेटर घेऊन आले, तो बसवला, थंड इंजिन दहा मिनिटे चालवून दाखवले आणि १४,५०० रुपये मागितले. बिलाचे विचारताच "बिल केलं तर जीएसटी लागेल" असे उत्तर मिळाले. यूपीआयवर पैसे पाठवताना समोर भलतेच नाव दिसले, तेव्हा तो आपल्या मेव्हण्याचा नंबर असल्याचे त्यांनी सांगितले. मी विश्वास ठेवला.

पुढच्या रविवारी खडकवासल्याला जाताना गाडी पूर्वीसारखीच बंद पडली. शिवाय आता आयडलिंगही (गाडी उभी असतानाची इंजिनची मंद चाल) स्थिर राहिनासे झाले होते. शेजारी राहणारे निवृत्त ऑटो इलेक्ट्रिशियन काका आले, त्यांनी गाडी मुद्दाम पूर्ण तापू दिली आणि ती बंद पडताच ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या कॉइलची मधली वायर, ती ठिणगी प्लगांना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधून काढून, इन्सुलेटेड पक्कडीत धरून तिचे टोक इंजिनच्या धातूपासून पाच मिलिमीटरवर ठेवत मला सेल्फ मारायला सांगितले. खणखणीत निळ्या ठिणगीऐवजी पिवळट, अशक्त ठिणगी पडत होती आणि सीबी पॉइंटची टोके जळून काळी झाली होती. पॉइंट जळू न देणारा कंडेन्सर उष्णतेने निकामी होत होता. दोनशे रुपयांच्या आतला कंडेन्सर आणि नवे पॉइंट बसवताच गाडी बंद पडायची थांबली. कार्ब्युरेटरचा या दोषाशी काही संबंधच नव्हता.

आयडलिंगचा शोध घेताना खरी चोरी उघड झाली. बसवलेल्या कार्ब्युरेटरचा थ्रॉटल स्पिंडल (ॲक्सिलरेटरने फिरणारी झडप ज्यावर बसते ती दांडी) बोटांनी हलवला तरी खडखडत होता. त्या फटीतून जादा हवा ओढली जात असल्याने मिश्रण पातळ होत होते आणि प्लग पांढरट पडले होते. लिंकेजची (ॲक्सिलरेटरला जोडणाऱ्या दांड्यांची) जुळणी लक्षात राहावी म्हणून दोन वर्षांपूर्वी काढलेला फोटो मी शोधला, तर त्यातील कार्ब्युरेटरच्या अंगावरचा क्रमांक वेगळा होता. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटल्याने न झिजलेला मूळ कार्ब्युरेटर आज सहज मिळत नाही. तो काढून घेणे हाच त्या गृहस्थांचा हेतू होता, असे माझे स्पष्ट मत आहे. फोन केल्यावर "तुमचाच आहे, साहेब" एवढेच म्हणून त्यांनी माझा नंबर ब्लॉक केला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. परंतु बिल नाही, पोच नाही आणि पैसे तिसऱ्याच्या खात्यात गेलेले, त्यामुळे माझी बाजू किती लंगडी आहे हे वकिलांनी मला समजावून सांगितले. आता कोणताही भाग घराबाहेर जाण्यापूर्वी मी त्याच्या क्रमांकाचा फोटो काढतो, न दिसणाऱ्या जागी पंचने खूण करतो, नेणाऱ्याची सही घेतो आणि बदललेले जुने सुटे भाग परत मागतो.

माझ्या मूळ कार्ब्युरेटरवर चोकच्या (थंड इंजिन चालू करताना हवा कमी करणारी झडप) दांडीखाली वडिलांच्या हातून पान्याने पडलेला तिरपा ओरखडा आहे. जुन्या बाजारात किंवा एखाद्या गॅरेजमध्ये असा सोलेक्स विक्रीला आलेला दिसला, तर कृपया मला कळवावे; क्रमांकाचा फोटो माझ्याजवळ आहे.