क्रोशाचं स्नोफ्लेक किट: दोरा झकास, पत्रक बोगस

मला क्रोशात साखळी आणि खांब एवढे दोनच टाके यायचे, त्या जोरावर हे किट मागवलं. पांढरा कॉटनचा गुंडा, २ एमएमची सुई, टाचण्या आणि घडीचं पत्रक. दोरा खरंच भारी, पीळ घट्ट, सुईत अडकून फाटत नाही, आणि लोकरीचा स्नोफ्लेक कसा गुबगुबीत होऊन फुलासारखाच दिसायला लागतो तसं याचं होत नाही, सहाही टोकं नीट उठून दिसतात.

पण पत्रक! नुसतं डबल क्रोशे लिहिलंय, अमेरिकन का ब्रिटिश ते कुठेच नाही. अमेरिकन डबल म्हणजे आपला उंच खांब, आणि ब्रिटिश डबल म्हणजे अमेरिकन सिंगल, एकदम बुटका टाका. मधल्या गोलात सहाच टाके होते, ते मी आपले उंच खांब घातले, मग काय, स्नोफ्लेकच्या जागी वाटी तयार! तीनदा उसवलं तेव्हा ट्यूब पेटली की पत्रक ब्रिटिश आहे.

विणून झाल्यावर तो मेल्यासारखा लोंबतो, घाबरू नका, सगळ्यांचाच लोंबतो. थर्माकोलवर प्लास्टिक पसरायचं, पांढरा गोंद आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात बुडवायचा, टोकं समान अंतरावर ताणून टाचायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. हे पत्रकात नाहीच, आणि किटातल्या टाचण्या चक्क गंजल्या, प्रत्येक टोकाला एकेक तपकिरी ठिपका. स्टीलच्या वापरा.

५ पैकी ३, ते पण दोऱ्यासाठी.