बूस्ट गेज लावून आठ महिने झाले, आता खरं काय ते सांगतो

गाडी टर्बो पेट्रोल, रोजचं रनिंग रामबाग ते राऊ. आधीच सांगून टाकतो, बूस्ट गेज म्हणजे टर्बो इंजिनात किती दाबानं हवा ढकलतो ते दाखवणारं मीटर, ते लावल्यानं गाडी रत्तीभरही जास्त पळत नाही, तरी "पिकअप वाढला का?" विचारणारे भेटतातच.

मी 52 एमएमचं मेकॅनिकल घेतलं, म्हणजे वायर फक्त लाइटची, बाकी एक पातळ नळी इंजिनापासून थेट गेजपर्यंत. ओबीडीचा डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे मोबाइलवर दाखवणारा) होता घरात, पण तो अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर दाखवतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाबही धरून, इंजिन बंद असलं तरी आपल्या इंदुरात 95 केपीए, म्हणजे 0.95 बारच्या आसपास (साडेपाचशे मीटरची उंची ना), मग चालवताना वजाबाकी कोण करत बसणार.

फिटिंगवाल्या पोरानं नळी जोडायचा टी-जॉइंट मारला थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) अलीकडच्या पाइपवर. स्टार्ट केली तर काटा शून्यावर ढिम्म. म्हणे "भिया, यही सही है." अरे बाबा, डिझेल असती तर ठीक होतं, पेट्रोल गाडी आयडलला व्हॅक्यूम ओढते, काटा उणे 0.6-0.7 बारला पाहिजे! परत सगळं उघडून थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांच्या) बाजूला टी टाकला तेव्हा काटा खाली बसला. नळी टर्बोच्या गरम भागापासून लांबून फिरवून घ्या, हे स्वतः उभं राहून बघा.

पैसे वसूल झाले ते ओंकारेश्वरहून परतताना. चारच दिवसांपूर्वी सर्व्हिसिंग झालं होतं. भेरूघाटात थर्डला पाय दाबला की एरवी 0.9 पर्यंत जाणारा काटा 0.6 च्या पुढे जाईना, लाइट नाही, वॉर्निंग नाही, आणि काच खाली केली तर बारीक फुस्स आवाज. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजचा क्लॅम्प नीट आवळलाच नव्हता! गेज नसतं तर चढ आहे म्हणून सोडून दिलं असतं मी.

तक्रारी पण आहेत. निळा लाइट रात्री काचेत दिसतो, त्यावर काळी टेप लावलीये. मे महिन्यात ए-पिलरवरचा (पुढच्या काचेशेजारच्या खांबावरचा) डबल टेप वितळला आणि एबी रोडवर गेज थेट बायकोच्या मांडीवर, पुढचं लिहीत नाही. आता स्क्रूनं बसवलंय.

माझी वॉरंटी संपलेली म्हणून बिनधास्त पाइप कापला, तुमची चालू असेल तर आधी विचारून घ्या.