आठ महिने, पाच जण आणि बाखचा एक फ्यूग

गेल्या नोव्हेंबरपासून टोरोंटोजवळच्या मिसिसागातले आम्ही पाच हौशी दर गुरुवारी एका चर्चच्या तळघरात जमतो. सगळी फुंकायची पितळी वाद्यं, म्हणजे 'ब्रास': दोन ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन आणि सगळ्यांत खालच्या सुरांच्या टूबावर मी. घोटतोय एकच रचना: जर्मन संगीतकार बाखचा जी मायनर पट्टीतला छोटा फ्यूग, म्हणजे एकच धून (तिला 'विषय' म्हणतात) एकामागून एक सगळे उचलतात अशी रचना. टोरोंटोच्या 'कॅनेडियन ब्रास' या पाच जणांच्या गटातल्या रोनाल्ड रॉम या ट्रम्पेटवादकानं पाच वाद्यांसाठी केलेली मांडणी. पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या.

दुकानदारानं हॉर्नच्या भागाऐवजी दुसऱ्या ट्रम्पेटची जादा प्रत पाठवली. बदलून मिळेपर्यंत तीन गुरुवार आमची हॉर्नवाली कॉफी करत होती.

मूळ रचना ऑर्गनची. ऑर्गनला दम लागत नाही, आम्हाला लागतो. दोघांनी एकाच जागी श्वास घेतला की सुरांना भोक पडतं, म्हणून प्रत्येकाच्या पानावर पेन्सिलीनं श्वासाच्या खुणा. जानेवारीत तर वाद्य गाडीतून आत आणलं की पितळ इतकं गार असायचं की पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांचा सूर उतरलेला. अर्ध्या तासात पहिल्या ट्रम्पेटचे ओठ जड. पण फ्यूगचा विषय एकेकाच्या हातून फिरत शेवटी खाली माझ्याकडे येतो ना, तेव्हा जन्मभर 'धुम-धुम' करणाऱ्या माणसाला काय वाटतं, ते टूबावाल्यालाच कळेल.

मुळात ब्रासच्या पंचकाला तंतुवाद्यांच्या चौकडीसारखी वडिलोपार्जित इस्टेट नाही. हायडन आणि तरुण बेथोव्हेन त्या चौकडीसाठी लिहीत होते, तेव्हा ट्रम्पेट आणि हॉर्नला व्हॉल्व्हच (सूर बदलायच्या कळा) नव्हते. ते १८१०च्या दशकात आले. १९७० साली टोरोंटोत चार्ल्स डेलनबाख आणि जीन वॉट्स यांनी 'कॅनेडियन ब्रास' उभारला, तेव्हा हाताशी व्हेनिसचा जुना संगीतकार गाब्रिएली, सेंट पीटर्सबर्गचा इंजिनिअर एवाल्ड आणि थोड्या नव्या रचना. बाकी त्यांनी सरळ उसनं घेतलं: बाख, पाखेलबेल, जॅझ. वर सूट, पायात पांढरे स्नीकर्स आणि मंचावरून लोकांशी गप्पा. कधीकधी तो विनोद मला जरा जास्त वाटतो. न्यूयॉर्कच्या 'अमेरिकन ब्रास क्विंटेट'नं त्याआधीच, १९६०पासून, वेगळी वाट धरली होती: नव्या रचना लिहून घ्यायच्या, आणि टूबाच्या जागी बास ट्रॉम्बोन. (माझा राग समजून घ्या.) त्यांचं काम जास्त चोख असेल, पण मला या तळघरापर्यंत आणलं ते स्नीकर्सवाल्यांनीच.

रॉमची ही मांडणी घ्यावी का? पाचही जणांचा हात बऱ्यापैकी बसलेला असेल तर जरूर घ्या. अगदीच नवशिके असाल तर आधी सोप्या रचना वाजवा. आणि पहिला ट्रम्पेट दमाचा शोधा, बाकीचं निभावतं.

परवा आईला व्हिडिओ कॉलवर ऐकवलं. तिनं शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं, मग म्हणाली, "अरे, हा लग्नातला बँडच ना? मग एवढं बसून काय वाजवताय?"