डोक्याला मार लागल्यानंतरची कानाची तपासणी : कॉलेज रोडवरील एका श्रवण केंद्राचा अनुभव

मागच्या पावसाळ्यात माझे थोरले बंधू नाशिकमधील पाथर्डी फाट्याजवळ दुचाकीवरून घसरले आणि त्यांच्या डोक्याची उजवी बाजू रस्त्यावर आपटली. आधी ज्या रुग्णालयात नेले तेथे मेंदूचा सीटी स्कॅन झाला, रक्तस्राव नसल्याचे सांगून चौथ्या दिवशी घरी सोडण्यात आले. परंतु उजव्या कानाला दडा बसला आहे आणि आत सतत रातकिडे ओरडत आहेत, या त्यांच्या तक्रारीला ‘सूज उतरली की होईल कमी’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. सहा आठवडे आम्हीही थांबून राहिलो, याची मला आजही खंत वाटते. अखेर कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या चिठ्ठीने आम्ही कॉलेज रोडवरील या श्रवण केंद्रात पोहोचलो.

येथील ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) मॅडमनी यंत्राला हात लावण्याआधी बराच वेळ फक्त प्रश्न विचारले. अपघातानंतर कानातून रक्त आले होते का, पाण्यासारखा पातळ स्राव येत होता का, चेहरा एका बाजूला वाकडा झाला होता का, अंथरुणात कूस बदलताना घर फिरते का? पातळ स्राव हे मेंदूभोवतीचे पाणी असू शकते आणि तसे असेल तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते, हे आम्हाला तेथे प्रथमच कळले.

ध्वनिरोधक खोलीत २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे आवाज आधी हेडफोनमधून आणि नंतर त्यांपैकी ४००० हर्ट्झपर्यंतचे कानामागच्या हाडावर कंपक ठेवून ऐकवले गेले. डाव्या, चांगल्या कानाने उजव्याच्या वतीने ऐकू नये म्हणून त्यात मुद्दाम खरखर सोडली होती. उजव्या कानाला हवेतून येणारा आवाज सुमारे ५५ डेसिबलला ऐकू येत होता, हाडातून मात्र १५ डेसिबललाच. म्हणजे आतली नस शाबूत होती आणि अडथळा मधल्या कानात होता. टिम्पॅनोमेट्रीत, म्हणजे कानाच्या पडद्याची हालचाल मोजणाऱ्या तपासणीत, पडदा नेहमीपेक्षा फार सैल हलताना दिसला. मॅडमनी कागदावर हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तिन्ही हाडे काढून दाखवली आणि डोक्याला मार लागल्यावर ऐरण व रिकीब यांच्यातला सांधा सर्वांत जास्त निखळतो, तशी शक्यता येथे आहे, असे समजावले. कपाटात श्रवणयंत्रे मांडलेली असूनही त्यांनी एकही पुढे केले नाही. कानशिलाच्या हाडाचा बारीक कापांचा सीटी करून पुन्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांनाच भेटण्याचा सल्ला दिला, कारण असा सांधा शस्त्रक्रियेने पुन्हा जोडता येतो. या एका गोष्टीसाठी मी या केंद्राला मनापासून मान देतो.

कूस बदलताना बंधूंना चक्कर येत होती, तीही तेथेच तपासली गेली. मानेला इजा नसल्याचे कागद पाहूनच बंधूंना मान वळवून झटकन आडवे केले, तेव्हा त्यांची बुबुळे थरथरू लागली. धक्क्याने आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडतात, ते मान ठराविक क्रमाने वळवून परत जागी नेता येतात. दुसऱ्या खेपेनंतर त्यांचे कुशीवर वळणे सुरळीत झाले. कानातला आवाज अजून आहे; तो जाईलच अशी हमी कोणी दिली नाही आणि ते योग्यच होते.

त्रुटीही सांगितल्या पाहिजेत. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. चक्कर येणाऱ्या माणसाला हे धोक्याचे आहे आणि व्यवस्थापनाने खाली एक खोली तरी घ्यावी. अहवाल फक्त इंग्रजीत मिळतो, त्यामुळे वहिनींना तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला. दोन्ही तपासण्यांचे मिळून १२०० रुपये घेतले आणि पावती न मागता दिली.

जाण्यापूर्वी वेळ ठरवून घ्यावी, अपघाताच्या वेळचे सर्व कागद आणि सीटीची सीडी सोबत न्यावी, आणि चक्कर असल्यास जिना चढताना धरायला एक माणूस बरोबर असावा.