एफजे६० मध्ये कोणतं इंजिन घालाल: शेवरलेचं व्ही-एट की टोयोटाचं १एफझेड?

हे लिहितोय ते कॅलिफोर्नियात टोयोटाची एफजे६० लँड क्रूझर बाळगणाऱ्यांसाठी. तीच १९८१ ते ८७ मधली चौकोनी गाडी. मूळ २एफ इंजिन थकलंय, कार्ब्युरेटरभोवतीचं व्हॅक्यूम नळ्यांचं जंजाळ उलगडून कंटाळा आलाय आणि इंजिन बदलायचंच असं मनाशी ठरलंय, अशांसाठी. 'थांबा, जुन्या गाड्यांना स्मॉगमधून, म्हणजे इथल्या धुराच्या सक्तीच्या तपासणीतून, सूट मिळणार आहे' असं कोणी सांगितलं तर भरवसा ठेवू नका. गाड्यांचा शौकीन टीव्ही सूत्रसंचालक जे लेनो याच्या नावानं गाजलेलं सुटीचं विधेयक २०२५ मध्ये समितीतच अडकून पडलं. १९७६ पासूनच्या जुन्या पेट्रोल गाडीला दर दोन वर्षांनी स्मॉग चुकत नाही.

इंजिन बदलाचा मूळ नियम बहुतेकांना माहीत असतो. नवं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं, त्याचा उत्सर्जनाचा निकष मूळ इंजिनाइतका किंवा त्याहून कडक हवा आणि ज्या गाडीतून ते काढलं तिची धूर आवरणारी सगळी सामग्री सोबत यायला हवी. मग रेफ्रीकडे, म्हणजे अशा बदललेल्या गाड्या पाहणाऱ्या राज्याच्या अधिकृत तपासनिसाकडे, तपासणी आणि दाराच्या खांबावर लेबल. आपल्या लोकांचा घोळ होतो तो 'सगळी' या शब्दापाशी. पीयूसीच्या सवयीनं आपण सायलेन्सरच्या तोंडाशी काय येतं तेवढंच बघतो. रेफ्री मात्र आधी वाकून खाली बघतो: कॅट, म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, कुठे बसवलाय, ज्या गाडीतून इंजिन आलं तिच्यात तो इंजिनापासून जितका लांब होता तितकाच आहे का, त्याच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर जोडलाय का, टाकीतली पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा आहे का. सायलेन्सरच्या नळीवरची तपासणी त्याच्या यादीतली एक ओळ, एवढंच.

डिझेलचं मनात असेल तर सोडून द्या. कमिन्सचं चार सिलिंडरवालं ४बीटी डिलिव्हरी व्हॅन आणि कारखान्यातल्या कामाचं, म्हणजे जड वाहनाच्या वर्गातलं. ते हलक्या गाडीत चालत नाही. तेव्हा खरी निवड दोघांतच. एक, १९९९ नंतरच्या शेवरले ताहो किंवा सिल्व्हराडो १५०० मधलं ५.३ लिटरचं व्ही-एट. दुसरं, १९९३-९४ च्या ८० मालिकेतल्या लँड क्रूझरचं ४.५ लिटरचं सरळ सहा, १एफझेड-एफई. माझ्या गाडीत दुसरं आहे. माझ्या मेव्हण्याच्या एफजे६० मध्ये पहिलं. तो सॅक्रामेंटोला असतो आणि आमच्या गाड्या इकडून तिकडे बऱ्याचदा फिरतात, त्यामुळे दोन्ही माझ्या हाताखालून गेल्यात.

आधी व्ही-एटचं कौतुक, कारण ते त्याला पोचायलाच हवं. २८५ च्या आसपास अश्वशक्ती, आणि लोखंडी ब्लॉक इतका दणकट की दोन लाख मैल चाललेलं इंजिनही लोक डोळे झाकून घेतात. कोणत्याही जंकयार्डात मिळतं. वॉटर पंप गेला तर शनिवारी संध्याकाळीसुद्धा कोपऱ्यावरच्या पार्ट्सच्या दुकानात नवा असतो. लांबीला आखूड असल्यानं रेडिएटरपुढे हात घालायला जागा राहते. टोयोटाच्या ट्रान्सफर केसला (चारही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीला) जोडणारे अॅडॉप्टर तयार मिळतात. सिएरा पर्वतातल्या डोनर समिटकडे जाताना, सात हजार फुटांच्या वर, मेव्हण्याची गाडी नव्वदच्या दशकातल्या एखाद्या सेदानसारखी निमूट चढते. तिथेच २एफ तिसऱ्या गिअरमध्ये ट्रकांच्या मागे रांगायचं. पेट्रोलही, माझ्या अंदाजानं, माझ्यापेक्षा तो थोडं कमीच जाळतो.

मग मी ते का घेतलं नाही? डॅशबोर्डवरच्या एका पिवळ्या दिव्यामुळे, 'इंजिन तपासा' म्हणणाऱ्या.

५.३ ओबीडी-टू आहे, म्हणजे स्वतःची धूरविषयक तपासणी स्वतःच करणाऱ्या पिढीतलं. त्याचा कॉम्प्युटर इंजिनापुरता थांबत नाही, पेट्रोलच्या टाकीवरही नजर ठेवतो. गाडी थंड असताना सुरू झाली की तो कधीतरी कोळशाच्या डब्याकडची हवेची वाट बंद करतो, इंजिनाच्या व्हॅक्यूमनं टाकीतली हवा थोडी ओढून घेतो आणि टाकी ते व्हॅक्यूम टिकवते का ते पाहतो. एक मिलिमीटरचं छिद्रसुद्धा त्याला चुकत नाही. ताहोच्या टाकीला ही परीक्षा सोपी, ती त्यासाठीच बनवलेली. एफजे६० च्या टाकीला, तिच्या झाकणाला, भरायच्या नळीच्या रबराला आणि वाफेच्या नळ्यांना पस्तीस-चाळीस वर्षं झालीत. त्या काळी पेट्रोलचा वास येत नाही म्हणजे टाकी ठीक, एवढाच हिशेब होता.

त्यात आणखी एक मेख आहे. ही परीक्षा टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असेल तरच चालते, म्हणजे टाकीत पेट्रोल किती आहे ते कॉम्प्युटरला कळायला हवं. टाकीतली पातळी मोजणाऱ्या टोयोटाच्या जुन्या फ्लोटचे ओहम वेगळे, शेवरलेचे वेगळे. डॅशबोर्डवरचा जुना काटा बरोबर ठेवावा तर कॉम्प्युटर गोंधळतो. कॉम्प्युटरला हवा तो फ्लोट टाकावा तर काटा अर्ध्या टाकीला रिकामी म्हणतो. मेव्हण्यानं शेवटी मधे एक छोटा सर्किट बोर्ड बसवून दोघांची समजूत घातली. काटा सुधारला, दिवा मात्र अधूनमधून लागतोच. कधी झाकणाचं रबर, कधी नळीचा क्लॅम्प, कधी डब्याजवळचा व्हॉल्व धुळीनं अडकलेला. स्मॉगची तारीख जवळ आली की त्याचा फोन ठरलेला: "दाजी, परत लागला."

कागदावर कायदा इथे बराच समजूतदार आहे. २००० नंतरच्या पेट्रोल गाड्यांत टाकीची ही एक परीक्षा अपुरी राहिली तरी स्मॉगला चालतं. पण अपुरी राहणं वेगळं, नापास होऊन दिवा लागणं वेगळं. दिवा दिसला की गाडी परत. स्कॅनरनं कोड पुसावा तर बाकीच्या सगळ्या परीक्षाही कोऱ्या होतात आणि त्या पुऱ्या व्हाव्यात म्हणून आठवडाभर ठरावीक पद्धतीनं गाडी हाकत बसायचं. गाडी पळते झकास, धूर स्वच्छ, नळीवरचे आकडे उत्तम. अडतं ते टाकीच्या झाकणापाशी.

'कॉम्प्युटरमधून ती परीक्षाच काढून टाका' असा सल्ला देणारे भेटतील. जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअरही तपासतात, त्यामुळे त्या वाटेला न गेलेलं बरं. चोरीविरोधी यंत्रणेचंही तेच. मूळ गाडीच्या किल्लीचा इशारा मिळाला नाही तर ५.३ सुरू होऊन लगेच बंद पडतं. त्याला उपाय म्हणून सॉफ्टवेअरला हात न लावता तसा इशारा देणारं मोड्यूल मिळतं, ते घ्यावं.

आता १एफझेड. १९९३ आणि ९४ ही दोनच सालं मी मुद्दाम लिहिली, कारण ९५ पासून ८० मालिकेत ओबीडी-टू आलं. त्याआधीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर साधा. कोळशाचा डबा लागतोच, नळ्या जागच्या जागी लागतातच, पण टाकीत व्हॅक्यूम टिकतो का असली चौकशी तो करत नाही. फ्लोट जुना, काटा जुना, दोघांचं जमतं. इंजिन तपासा हा दिवा माझ्याकडेही आहे. किल्ली फिरवल्यावर लागतो, गाडी सुरू झाली की विझतो, आणि रेफ्रीला तेवढंच बघायचं असतं.

ताकद २१२ अश्वशक्ती. व्ही-एटच्या शेजारी हा आकडा किरकोळ वाटेल. पण ओढ खालपासून आहे आणि इंजिन सरळ सहाच असल्यामुळे गाडीचा स्वभाव बदलत नाही. आवाज, थरथर, वेग घेण्याची ती सावकाश पण ठाम पद्धत, सगळं लँड क्रूझरचंच राहतं. बिशप गावाच्या उत्तरेकडच्या शेर्विन चढावर मेव्हणा पुढे निघून जातो हे खरं. वर मी पोचतो तेव्हा तो चहाचा थर्मास उघडून बसलेला असतो.

दोषही सांगतो, नाहीतर जाहिरात वाटेल. इंजिन लांब आहे, रेडिएटरच्या अलीकडे बोटं जेमतेम शिरतात. माउंट बनवून घ्यावे लागले. अमेरिकेत ही गाडी फक्त ऑटोमॅटिकमध्ये आली, म्हणून मी तिचाच ए४४२एफ गिअरबॉक्स ठेवला. कॉम्प्युटरला तो ओळखीचा, रेफ्रीला प्रश्न नाही. पण एफजे६० चा लांब दांड्याचा चार गिअरचा मॅन्युअल गेला, आणि त्याचं वाईट वाटतं. सहाव्या सिलिंडरजवळ हेड गॅस्केट जाणं हा या इंजिनाचा प्रसिद्ध रोग. इंजिन बाहेर असतानाच गॅस्केट आणि इनटेकखालची ती हीटरची आखूड नळी बदलून टाका, नंतर तिथे हात पोचत नाही. ईजीआरच्या (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेच्या) वाटा काजळीनं भरलेल्या असतील तर तपासणीच्या रोलरवर भाराखाली नायट्रोजन ऑक्साइड वर जातो. माझा पहिला आकडा मर्यादेला चिकटूनच होता, वाटा साफ केल्यावर खाली आला. आणि सुटे भाग दिवसेंदिवस महागतायत. त्या सालांचा एअरफ्लो मीटर चांगल्या अवस्थेत मिळाला तर एक जादा घेऊन ठेवा.

तिसरा पर्यायही आहे, १९८८ ते ९२ मधलं ३एफ-ई. २एफच्याच घराण्यातलं, फ्युएल इंजेक्शनवालं, जवळपास सरळ बसतं आणि रेफ्रीकडे सगळ्यात कमी बोलणं होतं. पण १५५ अश्वशक्तीसाठी एवढा खटाटोप करायला माझं मन धजलं नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्यानं जरूर विचार करावा. पैसा हा प्रश्नच नसेल तर जनरल मोटर्सचा ई-रॉड संचही आहे: नवं व्ही-एट, कॅट, डबा, पेडल सगळं एकत्र, १९९५ आणि आधीच्या गाड्यांसाठी कॅलिफोर्नियाची मंजुरी घेतलेलं. वर रडगाणं गायलं त्यातलं बरंचसं त्यानं टळतं. किंमत ऐकून मी तो विषय घरी काढलाच नाही.

व्ही-एट घेऊच नका असं मी म्हणणार नाही. मागे ट्रेलर ओढायचा असेल, दर आठवड्याला सिएरा ओलांडायचा असेल किंवा स्कॅनर घेऊन गाडीखाली शिरण्यात तुम्हाला मजा येत असेल, तर मेव्हण्याचं बरोबर आहे आणि माझं कदाचित चूक. फक्त टाकी, झाकण, भरायची नळी आणि वाफेच्या सगळ्या नळ्या इंजिनाच्या आधी नव्या करा, नंतर नाही. तो खर्च पहिल्या दिवशीच हिशेबात धरा. बहुतेकांच्या अंदाजपत्रकात तो नसतो.

कोणतंही घ्या, इंजिन सुटं विकत घेऊ नका. आख्खी गाडी घ्या, नाहीतर निदान उभी असताना तिच्यापाशी जा. बॉनेटखालच्या लेबलवर कॅलिफोर्नियाचा उल्लेख आहे का ते पाहा, लेबलचा आणि चासी नंबरचा फोटो काढा, वायरिंग कापू न देता मुळापासून सोडवून घ्या. कोळशाचा डबा, त्याचा ब्रॅकेट, कॅटपर्यंतचा एक्झॉस्ट आणि दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे प्लग त्याच दिवशी डिकीत टाका. कॅट खाली कुठे होता तिथे पट्टी लावून एक फोटो घ्या. रेफ्रीच्या जागा बऱ्याचदा कम्युनिटी कॉलेजच्या आवारात असतात आणि अपॉइंटमेंट लगेच मिळेलच असं नाही, म्हणून एक्झॉस्ट वेल्ड करायच्या आधीच तिथे फोन करून आपला बेत सांगून ठेवा.