डिझेल इंजिन: नुसता मूळ फिल्टर की जोडीला बायपास?

इंजिनाच्या मूळ ऑइल फिल्टरमधून सगळं ऑइल फिरतं. त्याचा कागद फार दाट केला तर ऑइलचं प्रेशर कमी होईल, म्हणून साधारण २०-४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढचेच कण नीट अडतात. बायपास म्हणजे जोडीला बसवलेला वेगळा फिल्टर; तो एका वेळी ऑइलचा जेमतेम दहावा हिस्सा घेतो, पण सावकाश, २-५ मायक्रॉनपर्यंत गाळतो. काजळीच्या गुठळ्या सापडतात त्या इथेच. (ऑइल तरीही काळंच दिसेल, त्यावर जाऊ नका.) ऑइलमध्ये उतरलेलं डिझेल किंवा संपलेली अ‍ॅडिटिव्ह्ज (ऑइलमध्ये मिसळलेली रसायनं) यावर मात्र त्याचा इलाज नाही. शिवाय जादा होस, जादा जोड, म्हणजे गळायला नव्या जागा. सतत चालणारा ट्रक किंवा जनरेटर असेल आणि लॅबमध्ये ऑइल तपासून बदलाची मुदत वाढवणार असाल, तर बायपासचे पैसे वसूल होतात. घरच्या गाडीला वेळेवर ऑइल-फिल्टर बदललं तरी पुष्कळ.