कोरी पानं घालून बांधलेला नवा करार

प्रत्येक पानासमोर एक कोरं पान घालून बायबलचा नवा करार बांधून मिळेल का, असं विचारत मी नाशिकच्या मेन रोडच्या आसपासची तीन दुकानं फिरले. दोघांनी स्पायरल सुचवलं. भद्रकालीकडे उतरणाऱ्या बोळातल्या तिसऱ्याने पुस्तक मधोमध उघडलं, दोरा पाहिला आणि म्हणाला, "जुजबंदी आहे ताई, होईल. नुसतं चिकटवलेलं असतं तर हात लावला नसता." जुज म्हणजे दुमडलेल्या पानांची जुडी; अशा जुड्या दोऱ्याने शिवल्या की जुजबंदी. तुम्हाला असं काही करून घ्यायचं असेल तर आधी शिलाई बघा.

हा खटाटोप कशासाठी, ते सांगते. रुग्णालयाच्या वॉर्डात ३१ वर्षं काढली. तिथला पहिला धडा म्हणजे दिसेल ते आधी लिहायचं. ताप किती, नाडी किती, रात्री झोप लागली का. निदान डॉक्टरांचं. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं की मात्र मी थेट निदानावर उडी मारायची: यातून मला काय बोध? छापील अभ्यासपुस्तिकांनी तर सवय आणखी बिघडवली. त्यांचे प्रश्न, त्यांच्या रिकाम्या रेघा, आणि तिसऱ्याच दिवशी आपण मागची उत्तरं चाळतोय.

कोऱ्या पानावर कुणाचा प्रश्न नसतो. मी मार्कापासून सुरुवात केली. तळहाताएवढं शुभवर्तमान, १६ अध्याय. पहिल्यांदा एका बैठकीत नुसतं वाचलं, पेन्सिल न उचलता. दुसऱ्या वाचनात पुन्हा पुन्हा येणारे शब्द टिपले. लगेच, तत्काळ, लागलेच! या माणसाला भारीच घाई, इमर्जन्सी ड्यूटीवर असल्यासारखी. पाळकसाहेबांना विचारलं तेव्हा कळलं की मूळ ग्रीकमध्ये तो बहुतेक वेळा एकच शब्द आहे आणि चाळीसएकदा येतो. पण आधी ते माझं मला दिसलं होतं, मग भाष्य वाचायला मजा आली.

सगळ्यात जास्त दिलं ते फिलेमोनाच्या पत्राने. २५ वचनं. अख्खं पत्र समोरच्या पानावर हाताने उतरवून काढलं. पळून गेलेल्या दासासाठी प्रेषित पौल त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे, रदबदली करतो आणि म्हणतो, त्याचं काही देणं असेल तर माझ्या हिशेबी लाव. पुढे, हे मी माझ्या हाताने लिहितोय, मी फेडीन. इतकी वर्षं हे पत्र वाचलं होतं, पण ते वाक्य स्वतःच्या अक्षरात उतरवताना हात थांबला. जामीनकीच्या कागदावर सही करताना थांबतो तसा.

आता बाइंडिंग. कोरा कागद ७० जीएसएम जाडीचा मॅपलिथो (लिहायचा साधा पांढरा कागद), कापडी पाठ, रेक्झिनचा पुठ्ठा, खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद. ९०० रुपये झाले. शिलाई पक्की, पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं, याला पैकीच्या पैकी. पण जाडी विटेसारखी झालीय, रविवारी उपासनेला हे घेऊन जाणं विसरा. कडा कापताना त्याने समास इतका खाल्ला की काही पानांवर वचनांचे आकडे अगदी काठावर आलेत. तुम्ही "कटिंग नको" असं पुठ्ठ्यावर लिहूनच द्या. लूकमध्ये एक जुज उलटा शिवलाय. परत नेला तर म्हणाला, "ताई, आता उसवलं तर पानं फाटतील." खरं असावं. राहू दिला. आणि १२ दिवसांचा वायदा पाच आठवड्यांवर गेला, कारण दिवाळीच्या तोंडावर व्यापाऱ्यांच्या वह्यांपुढे आमचा नंबर कुठला लागायला?

लिहायला एचबी पेन्सिलच घ्या. शास्त्राच्या पातळ कागदावर जेल पेनने एक रेघ ओढली तर मागचं वचन गेलं म्हणून समजा. याकोबाच्या पत्रात माझी एक ओळ अशी कायमची निळी झालीय.

एवढा खर्च आधीच करू नका, हेही सांगते. मी पहिले दोन महिने शंभर पानी वहीत जुन्या करारातलं योनाचं पुस्तक केलं होतं. ४ अध्याय, ४८ वचनं. देव कुणाकुणाला कामाला लावतो याची यादी केली: वादळ, मासा, वेल, किडा, झळांचा वारा. सगळे मुकाट ऐकतात, संदेष्टा सोडून. वही टिकली, मन रमलं, तेव्हाच बाइंडर शोधायला निघाले.

प्रकटीकरणासमोरची पानं अजून कोरीच आहेत. रोमकरांस पत्रासमोर प्रश्नचिन्हंच जास्त. स्तोत्रसंहिता त्याच बोळात बांधायला टाकणार आहे, पण दिवाळी उरकल्यावर, आणि कटिंग नको असं मोठ्या अक्षरात लिहून.